डॉक्टरांची गाडी, सिंगल हँड

(जुन्या गाड्या विकणाऱ्या एका भाऊंना खुले पत्र)

प्रति,
श्री. गाडीवाले भाऊ,
मुक्काम पत्र्याचं शेड, हायवेकाठ.



तुम्ही मला ओळखत नाही. माझं इथे बीबीत झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. सातबारा, पीकविमा, उत्पन्नाचा दाखला, पोरांची शिष्यवृत्ती असे लोणार तालुक्यातले बरेच कागद माझ्या काउंटरवरून पुढे जातात. त्यामुळे लोकांच्या घरात काय शिजतं ते मला शेजाऱ्यांच्या आधी कळतं. तुमची कीर्तीही अशीच कागदावरून कळली.

एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना त्या सरकारी नंबरपाट्या बसवायची सक्ती आली, आणि तुमचं एक गिऱ्हाईक पाटी बुक करायला माझ्याकडे आलं. नाव सांगत नाही. चार लाख दहा हजार रुपये रोख मोजून देणारा, आणि तुम्ही 'दादा, तुमच्यासाठीच ठेवली होती' म्हटल्यावर लाजलेला माणूस, एवढं सांगितलं तर पुरे. की असे बरेच आहेत? मग खूण म्हणून सांगतो, पांढरी डिझेल डिझायर, २०१६ चं मॉडेल, पिंपरी-चिंचवडचं पासिंग. मागच्या काचेवर तुम्हीच 'आई-बाबांचा आशीर्वाद' चिकटवून दिलं होतं, फुकट.

सगळ्यात आधी अभिनंदन त्या डॉक्टरांसाठी. तुमच्याकडची प्रत्येक गाडी डॉक्टरांची असते. सिंगल हँड असते. घर ते दवाखाना, दवाखाना ते घर एवढीच चाललेली असते. या हिशेबाने महाराष्ट्रातल्या डॉक्टरांनी आजवर जेवढ्या गाड्या विकल्या, तेवढे पेशंट तरी त्यांनी तपासले असतील का, अशी शंका येते. आणि भाऊ, एक सांगा. ज्या गाड्या रात्रंदिवस पुणे-मुंबई विमानतळाच्या फेऱ्या मारतात, लग्नाची वऱ्हाडं वाहतात, कंपन्यांच्या पाळ्यांना पोरं पोचवतात, त्या म्हाताऱ्या झाल्या की जातात कुठे? त्यांच्यासाठी एखादी गोशाळा आहे का? मला तर वाटतं, त्या सगळ्या एका रात्रीत वैद्यकीय शिक्षण घेतात.

आरसी मी स्कॅनरवर ठेवली. मालक अनुक्रमांकाच्या रकान्यात तीनचा आकडा. सिंगल हँड गाडीला तीन मालक! एवढी साधी गोष्ट कार्डावर छापलेली असते, आणि मोबाइलवर एम-परिवहन ॲपमध्ये गाडीचा नंबर टाकला की विमा कधी संपतो, पीयूसी आहे का, कुठल्या फायनान्स कंपनीचा बोजा आहे, हेही फुकटात दिसतं. पण तुम्ही कार्ड बघू दिलं कुठे? 'कागद क्लियर आहेत दादा' म्हणून प्लास्टिकच्या पाकिटात घालून, वर गणपतीचा फोटो ठेवून दिलं. गणपतीला बाजूला सारून कागद बघण्याची आमच्याकडे पद्धत नाही, हे तुम्ही बरोबर हेरलं.

आता मीटर. तुम्ही गाडी दिली तेव्हा एकाहत्तर हजार किलोमीटर. तुमच्या त्या गिऱ्हाइकाला सोबत घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये जुन्या नोंदी काढायला लावल्या, तर २०२१ सालीच एक लाख अडतीस हजार. म्हणजे त्यानंतरच्या वर्षांत गाडी उलटीच चालत होती! आणि त्या नोंदींत पहिल्या मालकाच्या जागी डॉक्टरांचं नाव नव्हतं, एका ट्रॅव्हल्सचं होतं. आमच्या इथल्या मिस्त्रीने बॉनेट उघडून वायरींवरचा टेप सोडवला आणि म्हणाला, 'हे पाहा, इथं स्पीड गव्हर्नर होता, काढून टाकलाय.' स्पीड गव्हर्नर टॅक्सीला लागतो, डॉक्टरांना लागत नाही. पिवळी पाटी जाऊन पांढरी आली, एवढाच काय तो तुमच्या गाडीचा दीक्षान्त समारंभ.

पूर्वी मीटर मागे घ्यायला निदान कष्ट होते. डॅशबोर्ड खोलायचा, आकड्यांची चाकं हाताने फिरवायची, एखादा आकडा वाकडा राहायचा आणि चोरी उघडी पडायची. आता स्टिअरिंगखालच्या पोर्टला यंत्र जोडलं की चहा गार व्हायच्या आत साठ-सत्तर हजार किलोमीटर गायब. समृद्धी महामार्ग बांधायला सरकारला इतकी वर्षं लागली. तुम्ही तेवढा रस्ता शंभर वेळा पुसून टाकता, तोही बसल्या जागी. पण काही गोष्टींना तुमचं यंत्र जोडता येत नाही. ब्रेक-क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालेलं असतं. ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड बसलेली असते, कारण तिच्यावरून घसरत हजारो वेळा कुणीतरी उतरलेलं असतं. स्टिअरिंग हाताला तुळतुळीत लागतं. टायरच्या कडेवर चार आकडी शिक्का असतो. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तुमच्या गाडीच्या पुढच्या दोन टायरांवर २३१७ होतं, म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. वरून काळं पॉलिश लावून तुम्ही ते नवऱ्यामुलासारखे सजवले होते. हे टायर घेऊन तो माणूस बायको-पोरांसह समृद्धीवर चढणार होता, जिथे गाड्यांना ताशी एकशेवीसची मुभा आहे. इथे मला विनोद सुचत नाही भाऊ. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ त्याच रस्त्यावर खासगी बस पेटून पंचवीस माणसं गेली. त्या अपघाताचं कारण तुमचे टायर नव्हते, तेवढं पाप तुमच्या माथी मारत नाही. पण त्या दिवसापासून आमच्या भागातला माणूस त्या रस्त्यावर गाडी घालताना देवाचं नाव घेतो, एवढं तुम्हालाही ठाऊक आहे. तरी टायर तेच.

तुमच्या पाहुणचाराबद्दल मात्र तक्रार नाही. गाडी बघायला बोलावलं ते दिवेलागणीला. ट्यूबच्या उजेडात पुट्टी आणि रंग सारखेच दिसतात. गाडी नुकतीच धुतलेली. ओल्या पत्र्यावर डेंटिंगच्या लाटा कुणाला दिसणार? आणि इंजिन आधीच गरम. 'आत्ताच एक पार्टी चक्कर मारून गेली, घेऊनच जाणार होती' असं सांगितलंत. गरम इंजिन पहिल्याच चावीला गोड सुरू होतं. खरं दुखणं सकाळच्या थंड इंजिनाला कळतं. सुरू होताना निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढलं आणि आतून फसफसून वाफ आली, की मिस्त्री 'बॅक कॉम्प्रेशन' म्हणून मान हलवतो, आणि ती मान पन्नास हजारांच्या खाली थांबत नाही. मग बघायचे ते बॉनेटच्या कडेचे बोल्ट, दाराच्या बिजागऱ्या, डिकीतल्या स्टेपनीखालचा पत्रा. कंपनीतून आलेल्या बोल्टवर पाना फिरला की त्याचा रंग उडतो, आणि तो परत तसा बसवता येत नाही. तुमच्या गाडीच्या उजव्या फेंडरचे सगळे बोल्ट चकचकीत होते. नॉन-ॲक्सिडेंटल गाडीचे बोल्ट कुणी हौसेने खोलून बसवतं का?

बरं, पुराच्या गाडीचं काय? ही विद्या आमच्याकडे अजून पोचलेली नाही, म्हणून जाहीर लिहितो. आमच्या भागात उन्हाळ्यात पाणी टँकरने येतं; पुरात बुडालेल्या गाडीचा वास आम्हाला कुठून ओळखू येणार? २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रुझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, २०१५ ला चेन्नई बुडाली, २०१९ ला सांगली-कोल्हापूर, २०२१ ला चिपळूण. दरवेळी हजारो गाड्या पाण्याखाली गेल्या. विमा कंपन्या त्या 'टोटल लॉस' म्हणून निकाली काढतात आणि लिलावात भंगार म्हणून विकतात. तिथून पुढे त्यांचं पुण्य फळाला येतं. २०२१ साली नवी मुंबई पोलिसांनी दीडशेच्या आसपास गाड्या पकडल्या होत्या. २०१९ च्या पुरात पनवेलकडे भिजलेल्या, भंगारात मोडायच्या अटीवर विकलेल्या, त्या चेसिस नंबर खोडून दुसऱ्या राज्यांत नोंदवून नव्या म्हणून खपवल्या जात होत्या. दुसरा खेळ त्याहून वरताण: ठेचून चक्काचूर झालेल्या गाडीचे फक्त कागद आणि चेसिसचा तुकडा विकत घ्यायचा, तशीच दुसरी गाडी चोरायची, आणि मेलेल्या गाडीचा आत्मा चोरीच्या देहात घालायचा. परकायाप्रवेश आपण पोथ्यांत ऐकला होता. तुमच्या धंद्यातल्या थोरांनी तो गॅरेजात करून दाखवला.

म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघायचा. टोकाला चिखलाची रेघ असते, ती धुवायचं सहसा राहून जातं. सीटच्या रुळांना गंज, गालिच्याखाली हात घातला तर दमटपणा, आणि गाडीत मोगऱ्याचा वास अंमळ जास्तच असेल तर मोगरा कशासाठी हा प्रश्न. चेसिस नंबर पत्र्यावर कोरलेला असतो तो स्वतः डोळ्यांनी आरसीशी ताडायचा, आजूबाजूला वेल्डिंगची किंवा घासल्याची खूण आहे का बघायचं. गाडी चोरीच्या नोंदीत आहे का, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या संकेतस्थळावर तपासता येतं. माझ्या दुकानात ते करून देतो. झेरॉक्सइतके पैसे घेतो, तुमच्या कमिशनइतके नाही.

दिल्लीच्या गाड्यांचं तुमचं प्रेमही मी जाणतो. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्या चालवायला हरित लवादाने मनाई केली, २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली, आणि त्या गाड्या मातीमोल झाल्या. माल स्वस्त, रंग झकास, म्हणून तुम्ही ट्रेलर भरभरून आणता. यात चोरी काहीच नाही. फक्त एवढंच सांगत नाही की तिथल्या आरटीओची एनओसी लागते, इथे पुन्हा नोंदणी लागते, महाराष्ट्राचा कर वेगळा भरावा लागतो, आणि हे सगळं मिळवून 'स्वस्त' गाडी कितीला पडली ते गिऱ्हाइकाला बुलढाण्याच्या आरटीओच्या खिडकीवर कळतं.

पण तुमची सगळ्यात मोठी कलाकृती लोखंडात नाही, कागदात आहे. ती मला व्यवसायबंधू म्हणून भावली. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाही कागदावर तुमचं नाव नाही! जुन्या मालकाकडून तुम्ही कोरे टीटी फॉर्म, म्हणजे फॉर्म २९ आणि ३०, सह्या करून घेतले. तारीख नाही, खरेदीदाराचं नाव नाही. तेच पुढच्या गिऱ्हाइकाच्या हातात दिले. मधे गाडी तुमच्या शेडात राहिली, तुमचा पोरगा तिच्यावर नांदेडला लग्नाला जाऊन आला, पण कायद्याच्या लेखी तुम्ही कधी अस्तित्वातच नव्हता. साधुसंतांनाही एवढं निर्मोही होता आलं नाही.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५० म्हणतं, विकणाऱ्याने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्याने तीस दिवसांत नाव चढवायचं. कोण करतं? 'करून देऊ दादा, आपला माणूस आहे आरटीओत.' त्या माणसाची वाट बघण्यात वर्ष जातं. तोवर गाडीने कुणाला उडवलं तर? २०१८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे, नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार. गाडी एकामागून एक हात बदलत गेली होती, अपघात झाला, आणि न्यायालयाने सांगितलं की नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच भरपाईला जबाबदार. म्हणजे पिंपरीतल्या ज्या माणसाने तुमच्या भरवशावर कोऱ्या फॉर्मवर सह्या केल्या, तो अजून रोज रात्री बीबीच्या एका ड्रायव्हरच्या सावधपणावर झोपतो आहे. आम्ही फोन करेपर्यंत त्याला हे ठाऊकही नव्हतं. विकणाराही तुमचंच गिऱ्हाईक आहे आणि तोही फसलाय, हे लोकांच्या लक्षात येत नाही. तुम्ही दोन्ही बाजूंनी कापता आणि मधलं लोणी ठेवता.

सरकारला हे अगदीच दिसत नव्हतं असं नाही. १ एप्रिल २०२३ पासून केंद्राच्या नियमांत बदल झाला. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं, गाडी ताब्यात घेताच फॉर्म २९ सी ने कळवायचं, आणि तेव्हापासून गाडी विकली जाईपर्यंत तोच मालक समजला जाणार. गाडी कुठे-कुठे फिरवली त्याची नोंदही ठेवायची. अतिशय सुंदर नियम. तुम्हाला तो माहीत आहे का, असं तुमच्या गिऱ्हाइकाने फोनवर विचारलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, 'ते मोठ्या शहरातल्या कंपन्यांसाठी असतंय.' नियमाला तालुक्याची सीमा असते हे मला नवीनच कळलं.

विम्याचंही तसंच. 'विमा चालू आहे' म्हणालात, खरं होतं. पण कुणाच्या नावावर? गाडीचं नाव बदललं की चौदा दिवसांत विमा कंपनीला कळवावं लागतं. तिसऱ्या माणसाचं नुकसान कसंबसं निभतं. स्वतःच्या गाडीला लागलं तर कंपनी विचारते, तुम्ही कोण? आणि त्या पॉलिसीवर एक रकाना असतो, नो क्लेम बोनसचा. वर्षभर दावा केला नाही तर पुढच्या वर्षी वीस टक्के सूट, मग पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस, पन्नास. अपघाताचा दावा झाला की पुन्हा शून्य. तुमच्या 'कधीच न ठोकलेल्या' गाडीच्या पॉलिसीवर शून्य होतं.  बाजारात एवढा बोलका कागद दुसरा नाही, आणि नेमका तोच कुणी वाचत नाही.

एक गंमत सांगतो. जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक लेख लिहिला. विकणाऱ्याला गाडीचं खरं दुखणं माहीत, घेणाऱ्याला नाही; मग घेणारा सगळ्याच गाड्यांना भीतभीत कमी भाव देतो, चांगली गाडीवाला त्या भावात विकायला तयार होत नाही, आणि बाजारात उरतो तो खराब माल. तीन नियतकालिकांनी लेख परत केला, चौथ्याने छापला, आणि २००१ साली त्यांना नोबेल मिळालं. या माणसाने तो लेख छापायच्या आधी काही काळ भारतात घालवला होता, आणि त्याच लेखात भारतीय गृहिणी तांदळात मुद्दाम मिसळलेले त्याच रंगा-आकाराचे खडे कसे निवडत बसतात, याचाही उल्लेख आहे. बघा भाऊ, तुमच्या धंद्याचा गाभा आमच्या आयांच्या सुपावरून थेट स्टॉकहोमला गेला. ज्या घरात पाच किलो तांदूळ निवडल्याशिवाय शिजत नाहीत, त्याच घरात चार लाखांची गाडी न निवडता आली, याचं श्रेय मात्र अकरलॉफला देता येत नाही. ते तुमचं.

कसं जमतं तुम्हाला हे, यावर मी बराच विचार केला. आमचा माणूस अडाणी नाही. बैल घेताना तो दात बघतो, चालवून बघतो, पाठीवर थाप मारून बघतो, आणि तरी मालकाला चार शिव्या घालून भाव पाडतो. बैलवाल्याला त्याचा राग येत नाही. गाडीपाशी मात्र त्याची जीभ टाळूला चिकटते. कारण मधे ओळखीचा माणूस असतो. साडूचा मित्र, सोसायटीतला कारकून, मुलाच्या कोचिंगचे सर. तुम्ही प्रत्येक गावात असा एक पेरून ठेवलेला असतो, पाच-दहा हजारांवर. 'घरचीच गाडी समज' असं तो म्हणाला की मिस्त्री सोबत न्यायची लाज वाटते. ऑइलचं झाकण उघडायला सांगितलं तर त्याला काय वाटेल? पावती मागितली तर अविश्वास दाखवल्यासारखं होईल. भीड भिकेची बहीण म्हणतात, ती ही. तुम्ही गाडी विकतच नाही भाऊ, आमची भीड विकत घेता, आणि तीही आमच्याच पैशाने.

चार लाख दहा हजार म्हणजे किती, हे तुम्हाला नोटांच्या गड्ड्यात कळतं. आम्हाला सोयाबीनमध्ये कळतं. २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये. म्हणजे जवळपास चौऱ्याऐंशी क्विंटल, तेही हमीभावाने. आणि हमीभाव सगळ्यांना मिळाला असता तर काय हवं होतं. एकरी सहा-सात क्विंटल पिकणाऱ्या जमिनीत बारा-चौदा एकरांचं अख्खं पीक, बी-खत-फवारणी-मळणी काही वजा न करता. ते तुम्ही एका संध्याकाळी उचललंत. त्यातून इंजिनाला सव्वा लाखाचा खर्च निघाला आहे. मिस्त्रीचा अंदाज माझ्याकडे लेखी आहे. भीड सोडून घेतला.

आता कामाचं बोलू. तुमचा समज असा की पावती नाही, म्हणजे पुरावा नाही. समज चुकीचा नव्हता; तुमचा उत्साह नडला. गाडी देताना तुम्ही नारळ फोडला, चावीची मोठी पुठ्ठ्याची प्रतिकृती त्यांच्या हातात दिली, सगळ्या कुटुंबाला गाडीपुढे उभं केलं, आणि 'नवीन गाडीबद्दल परिवाराचे हार्दिक अभिनंदन' म्हणून तुमच्या दुकानाच्या पानावर फोटो टाकला. अजून आहे तिथे. तुमच्या जाहिरातीत 'सिंगल ओनर, ७१ हजार रनिंग, नॉन-ॲक्सिडेंटल, डॉक्टर युज' असं तुमच्याच हाताने लिहिलेलं आहे, तेही आहे. आणि त्यांच्या सातवीतल्या पोराने घरात पहिली गाडी येणार म्हणून त्या संध्याकाळचा सगळा व्हिडिओ काढला. त्यात तुम्ही टेबलावर बसून पाचशेच्या गड्ड्या मोजताय, अंगठ्याला थुंकी लावून. अतिशय स्पष्ट आलाय. नव्या साक्ष अधिनियमात असा पुरावा द्यायला कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, ते भरून झालं.

म्हणून तुमच्या माहितीसाठी. तुम्ही व्यापारी आहात, त्यामुळे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ तुम्हाला लागतो. गाडी कुणी घरगुती विकली असती तर हा रस्ता बंद होता. बोर्ड लावून बसलात, म्हणून उघडा आहे. नव्या कायद्यात तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे बुलढाण्याला.  पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी शून्य. मुदत दोन वर्षं, त्यातले काही महिनेच गेलेत. ऑनलाइन अर्ज माझ्या दुकानात भरून तयार आहे. फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत ३१८ झालंय, सात वर्षांपर्यंत शिक्षा. बीबीचं पोलीस स्टेशन आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

आणि एक राहिलंच. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेऊ नये, असा आयकर कायद्याचा नियम २०१७ पासून आहे, २६९ एसटी नावाने आलेला. मोडला तर दंड घेणाऱ्याला, आणि दंड किती, तर जेवढी रक्कम घेतली तेवढीच. देणाऱ्याला त्यात काही नाही. चार लाख दहा हजारांवर चार लाख दहा हजार. पोराचा व्हिडिओ किती मिनिटांचा आहे ते विचारू नका, मोजणी पूर्ण होईपर्यंतचा आहे.

परवा तुमच्या त्या ओळखीच्या माणसामार्फत निरोप आला, 'वीस हजार परत देतो, मिटवून घ्या, आपण एकाच जिल्ह्याचे.' जिल्हा एकच आहे, खरं आहे. गाडी परत न्या, तुमच्या खर्चाने. पूर्ण रक्कम द्या आणि त्यावर मिस्त्रीला आत्तापर्यंत दिलेले पैसे. रोख नको, खात्यावर. गाडीसोबत येणारे पिंपरीच्या त्या मालकाचे कोरे फॉर्म त्याला परत करा, आम्ही त्याला फोन करून सगळं सांगितलं आहे, तोही तुमची चौकशी करत होता. बँकेचा खाते क्रमांक आणि आयएफएससी तुमच्या व्हॉट्सॲपवर पाठवलाय. तुमचा फोन बंद असतो, पण दोन निळ्या खुणा आल्यात.

कळावे,
बीबीचा झेरॉक्सवाला

ता. क. : तुमच्या शेडात उभी असलेली ती लाल बलेनो बघायला येत्या रविवारी सकाळी साडेसातला आमच्या गावचा एक जण येतोय. सोबत मिस्त्री आहे, एक लोहचुंबक आहे आणि मी आहे. इंजिन थंड असू द्या.